रस्त्यावरून दिसणारी नांगरट

मृदासंधारण विभागाच्या अहवालाचा निष्कर्ष असा आहे: ‘उतारावरील सुपीक मातीचा थर वाहून जाण्यास स्थानिक अल्पभूधारक शेतकऱ्यांची जमीन-व्यवस्थापनाविषयीची अनभिज्ञता व तिच्यातून उद्भवलेली उताराच्या दिशेने केलेली अशास्त्रीय नांगरट ही प्रामुख्याने कारणीभूत आहे.’

वाक्य सुबक आहे. त्यातला एकेक भाग सुटा करून तपासला तर बहुतेक खराही निघतो. माती वाहून गेली, हे खरे. नांगरट उताराच्या दिशेने झाली, हेही खरे. ती अशास्त्रीय होती याविषयी उतारावरच्या शेळ्यांचेही दुमत नसावे. शेतकरी अल्पभूधारक आहेत, आणि त्या घटनेनंतर त्यांच्याकडे धारण करण्यासारखे आणखी अल्प उरले असल्यामुळे ते विशेषण तर काळाबरोबर अधिकच अचूक होत गेले आहे. खोटा एकच शब्द आहे, ‘अनभिज्ञता’, आणि उरलेले सगळे खरे शब्द त्या एका शब्दाला खांदा देण्यासाठी उभे केले आहेत. उतारावर नांगराचे उभे तास, म्हणजे वरून खाली जाणारे चर, घालू नयेत हे ज्यांना ठाऊक नव्हते अशी माणसे तिथे कधी नांदलीच नाहीत. नांदली असती तर चौकशी करायला उतार उरला नसता. वास्तविक अहवालाला एवढे उत्तर पुरे व्हावे. परंतु अहवाल उत्तरांनी हरत नसतात. म्हणून काय घडले ते क्रमाने सांगणे भाग आहे.

तो उतार असा: तळाला ओढा, ओढ्याच्या अलीकडे रस्ता, रस्त्याला लागून घरे, आणि घरांच्या पाठीमागे वर वर चढत गेलेल्या अरुंद पट्ट्या. पट्टी म्हणजे दगडी बांधाच्या आड अडवून धरलेली माती. तीत मका, घेवडा, रताळी आणि कडेने भोपळ्याचे वेल. विकायला फारसे उरत नाही आणि विकत फारसे आणावे लागत नाही, या अवस्थेला अर्थशास्त्रात एक हिणवणारे नाव आहे. उतारावर तिला ‘बरं चाललंय’ म्हणत.

माती थकते. ओळीने पिके घेतली की मक्याची पाने कडांनी पिवळी पडू लागतात आणि कणीस सोलावे तर निम्मे दात पडलेले. मग ती पट्टी विसाव्याला टाकायची. चार-पाच वर्षे तिला नांगर लावायचा नाही. आधी गवत येते, मागून काटेरी झुडपे, त्यांच्या मुळांनी माती विणली जाते, पालापाचोळा कुजतो, शेळ्या चरतात आणि चरता चरता खतही टाकून जातात. कुणाची पट्टी केव्हा विसावणार हे शेंगा सोलायला बसलेल्या बायका ठरवत; वरची आणि तिच्या लगत खालची एकाच वेळी उघडी पडू नये, एवढेच पथ्य. विसावा मोडायचा तोही एकदम मोडायचा नाही. यंदा एक तुकडा, पुढल्या वर्षी थोडे गवत मधे राखून दुसरा. आणि तास नेहमी आडवे, बांधाला समांतर, म्हणजे पाणी प्रत्येक तासात थबकते, जिरते आणि मग खालच्याला मिळते. यात गूढ विद्या कसलीच नाही. घराला दार असावे, इतकीच ही साधी बाब आहे. फरक इतकाच की दार कशाला असते हे विचारणारी समिती अजून कुणी नेमलेली नाही.

जमिनीच्या वापराविषयी मात्र समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून नियम झाला: सलग तीन हंगाम लागवडीखाली नसलेली जमीन ‘विनावापर’ समजून विभागाच्या वृक्षलागवड योजनेकडे वर्ग करावी. त्या समितीवर कायद्याचे, अर्थकारणाचे आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. विश्रांती ही वस्तू त्या सर्वांना परिचयाची होती. ती जमिनीलाही लागते हे सुचवायला तिथे कुणी हजर नव्हते.

त्या वर्षी सर्वांत अधिक काळ विसाव्याला होती ती सगळ्यांत वरची पट्टी, काकीची. उतारावरची लहानथोर माणसे तिला काकी म्हणत. तिचा नवराही चारचौघांत ‘काकी म्हणेल तसं’ असे सांगून जबाबदारीतून अंग काढून घेई. तो अर्थातच सगळ्यांचा काका. काकी तोंडाने फटकळ, हिशेबाला पक्की आणि आपल्या बांधाविषयी इतकी मानी की शेजाऱ्याची कोंबडी बांधावर चढली तरी कोंबडीच्या मालकाचे मागचे सगळे निघे. काका कमी बोलणारा; बोललाच तर असे काही बोले की काकीला हसू आवरावे लागे, आणि ते तिला मुळीच आवडत नसे.

त्यांना पोटचे मूल नव्हते. काकाच्या धाकट्या भावाचा मुलगा त्यांच्याकडे वाढला. भाऊ-भावजय कामासाठी बंदराच्या शहरात गेली ती तिथल्याच आजारात संपली. पुतण्या त्या विसाव्याच्या पट्ट्यांत शेळ्या राखत लहानाचा मोठा झाला, शिकला, आणि मृदासंधारण विभागात पाहणी-सहायक म्हणून लागला. काकीने त्या दिवशी उतारावर कुणालाही न सोडता ही बातमी सांगितली. काका तेव्हापासून त्याला ‘साहेब’ म्हणू लागला. ‘साहेब, ताट घ्या’, ‘साहेब, शेळी सुटली बघा.’ पुतण्या हसे. काही वर्षांनी त्याचे हसणे कमी झाले, कारण तोवर त्याला इतरही लोक साहेब म्हणू लागले होते.

एका संध्याकाळी तो घरी आला तो नियम सांगायलाच. स्वयंपाकघरात काकी भाकरी थापत होती, काका दाराशी बसून नांगराची चामड्याची वादी तेलात भिजवत होता. वरच्या पट्टीला तीन हंगाम होऊन गेले आहेत आणि पाहणी पुढच्या आठवड्यात आहे, असे त्याने सांगितले. काकीने विचारले की त्या पट्टीत काय आहे ते तुला माहीत नाही का. तो म्हणाला, माहीत आहे. पण पाहणीत दोनच प्रकार आहेत, लागवडीखाली आणि विनावापर. तिसरा प्रकार वरिष्ठांना सुचवावा म्हटले तर वरिष्ठ विचारतील, तुझ्या घरची पट्टी आहे म्हणून सुचवतोस काय. आणि विचारतीलच, कारण ती त्याच्या घरचीच पट्टी होती.

काकीने मग सरळ तोडगा काढला. पाहणीच्या आधी वरच्या पट्टीचा एक तुकडा मोडायचा. नाहीतरी पुढल्या वर्षी मोडायचाच होता. पुतण्याने पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला, आणि मग जे सांगितले ते तिथून पुढच्या सगळ्याचे मूळ आहे. पाहणीपथक उतारावर चढत नाही. ते वळणावर गाडी थांबवते आणि दुर्बिणीतून बघते. आडवे तास खालून दिसत नाहीत. प्रत्येक तासाच्या कडेला उलटलेले गवत त्याच्यामागची माती झाकून टाकते आणि सगळी पट्टी हिरवीच भासते. गेल्या महिन्यात पलीकडच्या डोंगरावर चार घरांच्या नांगरलेल्या पट्ट्या अशाच विनावापर म्हणून गेल्या.

“काकी, रस्त्यावरून दिसलं पाहिजे,” तो म्हणाला. “उभे तास घाला. सगळ्या पट्टीत. वरपासून खालपर्यंत काळ्या रेघा दिसल्या की काम झालं.”

काकाने वादी खाली ठेवली. “त्यापेक्षा जमीनच उभी करून दाखवू की, साहेब. तुमच्या माणसांना मान वर करायचा त्रास नको.”

“तुमच्या तोंडाला काही बांध आहे का?” काकी म्हणाली. पण भाकरी तव्यावर होती आणि तिचा हात थांबला होता.

काका त्या संध्याकाळी, त्याच्या मानाने, पुष्कळ बोलला. उभे तास नको, असे त्याने सांगितले. पट्टी गेली तरी चालेल, निदान तिथे झाडे तरी लावतील, माती जागेवर राहील. पण उभे तास घातले तर पट्टीही जाईल आणि तिच्या खालच्याही. पुतण्याने समजावले की हे फक्त पाहणीपुरते आहे. पथक गेले की दुसऱ्याच दिवशी तास आडवे मोडून घ्यावेत. मोठ्या पावसाला अजून अवकाश आहे. हे बोलताना तो प्रामाणिक होता. या प्रकरणात अप्रामाणिक माणूस शोधणाऱ्याची निराशा होईल. सगळी हानी सद्हेतूंनी केलेली आहे, आणि म्हणूनच ती इतकी पूर्ण आहे.

काकीने पुतण्याचे ऐकले. तिच्या बाजूने पाहिले तर ऐकण्यासारखेच होते. नियम माहीत असलेला माणूस घरातला होता, तो जे सांगत होता ते घर वाचवण्यासाठी सांगत होता, आणि इतकी वर्षे त्याच्याविषयी उतारावर जे बोलून दाखवले त्याला आता पाठ दाखवणे तिच्या स्वभावात नव्हते. आपला मुलगा साहेब झाला, आणि आपणच त्याचा सल्ला मानला नाही, तर दुसऱ्यांनी का मानावा?

बैलांनी मात्र मानला नाही. उतरणीला नांगर मागून त्यांच्या पायांवर येत होता. जोडी दोन पावले जाऊन आडवी वळे, कारण जन्मापासून त्या बैलांना त्या डोंगरावर आडवेच चालायची सवय. काका नांगर मागे खेचून धरत होता आणि बैलांना काही सांगत नव्हता. शेवटी काकी पुढे झाली, कासरा हातात घेतला, आणि बैलांची तोंडे खाली रस्त्याकडे करून स्वतः उलट्या पावलांनी उतरू लागली. तळाशी पोचले की नांगर उचलून पुन्हा वर न्यायचा आणि नव्याने खाली यायचे. झुडपांची मुळे तुटताना आवाज होत होता. खालच्या पट्टीतला सुतार, ज्याने तो नांगर घडवला होता, काम सोडून बघत उभा राहिला. काकाने त्याला विचारले, नांगर बरा चालतो आहे ना. सुतार म्हणाला, “नांगर माझा आहे. दिशा तुमची.” आणि मग दिवसभर बघून बघून, दुसऱ्या सकाळी त्यानेही आपल्या पट्टीत उभे तास घातले.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. सुताराच्या पट्टीला विसाव्याचा एकच हंगाम झाला होता. त्याला नियमाची भीती नव्हती. पण ज्या घरात विभागाचा माणूस आहे त्या घरी काहीतरी आतले कळले असणार, असा त्याने विचार केला. त्याच्या पलीकडच्यांनीही तोच विचार केला. चार दिवसांत उतारावर सात घरांच्या पट्ट्यांत वरपासून खालपर्यंत काळ्या रेघा उमटल्या. पुढे अहवालाने याला ‘सामूहिक अनभिज्ञता’ असे नाव दिले. पुढे जाणाऱ्यावर विश्वास ठेवला जातो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात, या वर्तनाला इतर व्यवसायांत शिस्त म्हणतात.

पथक ठरल्याप्रमाणे आले. गाडी वळणावर थांबली, एकाने दुर्बीण लावली, दुसऱ्याने पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले की तुमचा उतार फार मेहनती दिसतो. सगळा उतार लागवडीखाली नोंदला गेला. त्या दिवशी काकी रस्त्यापर्यंत उतरून आली होती आणि पुतण्याने तिला ‘या आमच्या काकी’ म्हणून वरिष्ठांपुढे केले. वरिष्ठांनी तिला नमस्कार केला. ती घरी येऊन काकाला म्हणाली, बघा, तुम्ही उगाच घाबरत होता. काकाने जू खांद्यावर घेतले होते, तास आडवे मोडायला निघाला होता. पण सात घरांच्या बैलांच्या सगळ्या जोड्या त्या चार दिवसांत उतरणीवर थकून गेल्या होत्या. त्याच्या जोडीतल्या एकाच्या गुडघ्याला नांगराने चिरले होते आणि तो पाय टेकवत नव्हता. काका म्हणाला, दोन दिवस जाऊ देऊ.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. तो वादळी नव्हता, अवेळी नव्हता. हवामानाच्या नोंदीत त्याची गणना ‘सामान्य’ अशी आहे. आदल्या वर्षी असाच पाऊस होऊन गेला तेव्हा त्याची आठवणही कुणी ठेवली नव्हती. या वेळी पाण्याला थबकायला जागाच नव्हती. प्रत्येक तास पन्हळ झाला, वरच्या पट्टीचे पाणी खालच्या पट्टीच्या पन्हळीत शिरले, दोन्ही मिळून तिसरीत. बांधांचे दगड एकेक करून सैल झाले आणि मग माती निघाली. तिला काही ओरड नव्हती. दुपारभर ती घरांच्या मधून, अंगणातून, स्वयंपाकघरांच्या उंबऱ्यांवरून शांतपणे रस्त्याकडे चालत गेली. काकी दारात उभी राहून ती जाताना बघत होती. तिने ओळखली असेल. इतक्या वर्षांत आपल्या मातीचा रंग कुणालाही कळतो.

पाऊस थांबल्यावर वर मुरूम आणि दगड राहिले. माती रस्त्यावर होती, मांडीएवढी.

काकाने टोपली काढली. माती रस्त्यावरून भरायची, डोक्यावर घ्यायची आणि वर नेऊन टाकायची. उतारावर बांध फुटला की हेच करतात, यात नवल काही नाही. नवल होते ते प्रमाणात. ओल्या मातीची टोपली घेऊन त्या चढणीवर एक खेप करायला जितका वेळ लागतो तितक्यात रस्त्याचे यंत्र कित्येक टोपल्या माती पलीकडच्या कडेवरून ओढ्यात लोटत होते. रस्ता मोकळा करायचा आदेश होता. यंत्रामागे उभ्या असलेल्या मुकादमाने काकाला हटकले, इथली माती उचलू नका, रस्त्याच्या हद्दीतला राडारोडा ही खात्याची मालमत्ता आहे.

“वाटेत भेटली म्हणून तुमची झाली होय?” काका म्हणाला आणि टोपली भरत राहिला.

मुकादम हसला, म्हणाला, न्या हो, किती नेणार. यंत्र चालवणाऱ्याने काकाच्या बाजूचा ढीग शेवटी घ्यायचे ठरवले. तेवढी सवलत त्याच्या हातात होती. काकी आणि सुतार आणि सुताराची बायको, सगळी आपापल्या टोपल्या घेऊन आली. शेजाऱ्यांच्या मातीत भेद करता येत नव्हता, तेव्हा ज्याची टोपली त्याची पट्टी. काकी दर खेपेला काकाला म्हणे, आता बसा. तो म्हणे, ढीग संपला की बसतो. यंत्राने दुसऱ्या संध्याकाळी शेवटचा ढीगही लोटला. काका बसला तो घरी येऊनच बसला. ओल्या कपड्यांत दोन दिवस गेले होते. छातीत कफ भरला. पुतण्याने शहरातून डॉक्टर आणला, औषधे आणली, पायांशी बसून राहिला. काका त्याला ओळखत होता. एकदा म्हणाला, “साहेब, दुर्बीण आणलीत का?” आणि पुतण्या खोलीबाहेर गेला. आणखी काही दिवसांनी काका गेला. अहवालात हा मृत्यू नाही; तो वार्धक्याने झाला असे प्रमाणपत्र आहे, आणि काका म्हातारा होता हे खरेच आहे.

विभागाने चौकशी लावली, कारण रस्ता दीड दिवस बंद राहिला होता. प्राथमिक टिपण तयार करण्याचे काम त्या भागाच्या पाहणी-सहायकाकडे असते. ‘अनभिज्ञता’ हा शब्द प्रथम त्या टिपणात आला. पुतण्याने तो स्वतःहून घातला की वरून सुचवला गेला, हा प्रश्न त्याने पुढे स्वतःला किती वेळा विचारला हे त्याचे त्याला माहीत. कागदावर सही त्याची आहे.

चौकशीपुढे ठरायचे होते ते थोडक्यात असे. उभी नांगरट विभागाच्या कुणा कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून झाली असेल, तर बांध विभागाने बांधून द्यायचे, ओढ्यातला गाळ वर आणून पट्ट्या भरून द्यायच्या आणि जमिनी ज्यांच्या त्यांच्याकडे राहणार. तसे नसेल, तर ज्या घराने सुरुवात केली त्या घराची वरची पट्टी ‘धोकादायक वापर’ या सदराखाली काढून घेतली जाणार आणि बाकीच्यांना समज देण्यात येणार. पहिल्या प्रकारात पुतण्याची नोकरी जाणार. त्याची नोकरी त्याच वर्षी कायम झाली होती. त्याला दोन वर्षांची मुलगी होती आणि बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. हे काकीला सांगायची गरज नव्हती. बाळंतपणाला कोण येणार हे तिनेच ठरवून ठेवले होते.

चौकशी विभागाच्या कार्यालयात, जुन्या दप्तरखान्यात होती. लांब टेबल, त्यावर हिरवे कापड, एका कोपऱ्यात पाण्याचा जार आणि त्यावर उपडा ठेवलेला स्टीलचा पेला. बाहेर अरुंद व्हरांडा, बसायला बाक. काकीला आत बोलावण्याआधी पुतण्या बाहेर आला. त्याने दाढी नीट केलेली नव्हती. सुतार बाकाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याने तोंड फिरवून आवाराकडे केले, पण उठून गेला नाही, म्हणून पुढचे बोलणे माहीत झाले आहे.

पुतण्या आधी घराविषयी बोलला, बैलाच्या गुडघ्याविषयी बोलला. काकीने त्याला बोलू दिले. मग तो म्हणाला, “काकी, काकांचं नाव सांग. नांगर त्यांच्याच हातात होता. गेलेल्या माणसाला काही होत नाही.”

“गेलेल्या माणसाला आणखी काय व्हायचं राहिलंय?” ती म्हणाली.

तो म्हणाला, तसं असेल तर माझं सांग. सुतार सांगतो की हे त्याने जमिनीकडे बघत सांगितले आणि दुसऱ्यांदा सांगितले नाही. काकीने त्याच्याकडे पाहिले. तिच्या मनात त्या वेळी काय होते याचा अंदाज बांधणे सोपे आहे, आणि सोपे असल्यामुळेच ते इथे टाळले आहे. इतकेच नोंदवण्यासारखे की तिने विचारले, सकाळपासून काही खाल्लंस का. तो नाही म्हणाला. तिने पिशवीतून भाजलेले कणीस काढून त्याच्या हातात ठेवले, विकतचे होते, आणि आत गेली.

आत अध्यक्ष सौजन्याने वागले, हे मान्य करायला हवे. त्यांनी तिला बसायला सांगितले, पंखा कमी करायला लावला, निधनाबद्दल दुःख व्यक्त केले. मग त्यांनी तिच्यावरचा ठपका वाचून दाखवला आणि एकेक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. टेबलाच्या टोकाला जबाब लिहून घेण्यासाठी पुतण्याच बसला होता. लघुलेखक रजेवर होता आणि यात कुणाला काही वावगे वाटले नाही. अध्यक्षांनी विचारले, उभी नांगरट कुणाच्या सांगण्यावरून केली? काकी म्हणाली, सगळं एकदमच सांगते, मधे थांबवू नका. मग ती पुतण्याकडे बघून, शब्द लिहून घ्यायला वेळ मिळेल अशा बेताने बोलू लागली. तो मान खाली घालून लिहीत होता. जबाब अहवालाच्या शेवटी जोडला आहे. त्यातला एकही शब्द गाळलेला किंवा सुधारलेला नाही, हे लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. तो असा:

“नांगरट माझी. मला कुणी सांगितलं नव्हतं. उभं नांगरलं की माती जाते हे मला माहीत होतं, लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे, तरी मी नांगरलं. बैल वळत नव्हते, त्यांची तोंडं मी धरून खाली केली. आमच्या पुतण्याचा यात काही संबंध नाही, तो त्या दिवशी घरी नव्हता. बाकीच्यांनी माझं बघून केलं, त्यांना काही करू नका. पट्टी घ्यायची तर घ्या, आता तिथे घेण्यासारखं काय आहे ते तुम्ही बघा. फक्त आमच्या मालकांचं नाव यात कुठे आलं असेल तर ते काढा. ते नको म्हणत होते. सगळ्या उतारावर नको म्हणणारे ते एकटेच होते, आणि मी त्यांना गप्प केलं. तेवढं लिही, बाळा. नीट लिही.”